पाणी स्थिरावेपर्यंत

"अजून किती?" साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा बाईंनी घड्याळाकडे न बघताच सांगितलं, "बारा मिनिटं."

दोनशे मीटर लांबीच्या त्या टाकीत पाणबुडीची छोटी प्रतिकृती रुळांवरच्या गाड्याला अडकवून ओढायची आणि पाणी तिला किती अडवतं ते मोजायचं, हे बाईंचं काम. सव्वीस वर्षं झाली होती. त्यातली निम्मी पाणी स्थिर होण्याची वाट बघण्यात गेली, असं त्या स्वतःच म्हणत. एका फेरीनंतर वीस मिनिटं पाणी आतल्या आत वाहत राहतं. वरून बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. पाणी बघत बसायचा पगार मिळतो, असं नवरा घरी चिडवायचा. त्याला समजावणं बाईंनी केव्हाच सोडलं होतं.

आज नौदलाचे पाहुणे तासभर उशिरा आले होते आणि आल्या आल्या त्यांना वरच्या बैठकीची घाई होती. गाडा नीट चालतो का ते बघायला घेतलेल्या फेरीला जेमतेम आठ मिनिटं झाली होती. पाणबुडीचा हा नवा आकार प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या साहेबांनी सहा वर्षं खपून काढलेला. त्यांनी सरळ गाडा सोडायला सांगितलं. बाईंनी दोनदा नको म्हटलं, मग ओठ आवळून बटण दाबलं. पाण्याचा अडसर जुन्या आकारापेक्षा सहा टक्क्यांनी कमी भरला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि ते वर बैठकीला गेले.

साहेब मागे वळले तर बाई नोंदवहीत लिहीत होत्या: पाणी वाहतं असताना घेतलेली फेरी. आकडा धरू नये.

"एवढं खोडा," साहेब म्हणाले.

"नाही खोडणार. पाणी आपल्याच दिशेनं वाहत होतं. वारा पाठीशी असला की सायकल कुणालाही पळवता येते."

साहेबांचा तोल सुटला. बाईंना प्रत्येक कामात खोडा घालायची सवयच आहे, आधीचे प्रमुखही हेच सांगून गेले, असं बरंच काही ते बोलले. बाईंचंही डोकं फिरलं होतं. पाच प्रमुख आले नि गेले, प्रत्येकाला हेच पाणी नव्यानं समजावून सांगायचं म्हणजे जीव नकोसा होतो, असं त्यांनीही सुनावलं. शेवटी साहेब म्हणाले, "घ्या पुन्हा. तुम्ही म्हणाल तेव्हा."

वीस मिनिटं दोघं पाठ फिरवून बसले.

फेरी झाली. आकडा जुन्या आकाराइतकाच आला. साहेबांनी आणखी एक फेरी मागितली. पुन्हा वीस मिनिटं, पुन्हा तोच आकडा. 'मी सांगत होते' हे शब्द बाईंच्या अगदी ओठांवर आले होते. पण साहेबांनी वही ओढून घेतली, बाईंच्या शेऱ्याखाली सही केली आणि कोटाची बटणं लावली.

"पाहुणे आहेत ना अजून?"

"आहेत."

"सांगून येतो त्यांना," असं म्हणून ते जिना चढू लागले. प्रत्येक पायरीवर कठडा धरत होते.

प्रतिकृती उचलून पुसून ठेवणं हे कार्यशाळेतल्या माणसांचं काम होतं. बाईंनी त्यांना हाक मारली नाही. छोट्या क्रेननं ती स्वतःच वर घेतली, कोरडं फडकं आणलं आणि टोकापासून शेपटीपर्यंत, सावकाश, एकही थेंब न ठेवता पुसून काढली.