डॉडच्या पडद्यावरचा चहा

"बंद केलंस?" स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन सेंगानं नवऱ्याला विचारलं. डॉडनं मान हलवली. टीव्ही काळा झालेला मलाही दिसत होता. सेंगानं उघड्या सर्किटबोर्डावर टोक टेकवलं, चट्‌कन निळी ठिणगी उडाली आणि स्वयंपाकघरात जळका वास भरला.

टीव्हीला जोडलेल्या त्या जुन्या कॉम्प्युटरला मुळात चालू-बंद करायचं बटणच नव्हतं. बंद करायचा तर प्लग उपटायचा. अख्ख्या डंडी शहराला हे पाठ, कारण आम्हीच ते बनवले. पण कारखान्यात बोर्ड हातात यायचा तो निर्जीव. विजेशी आमचा कधी संबंधच आला नाही. आणि अर्धांगाचा झटका आल्यापासून डॉडच्या लेखी 'बंद कर' म्हणजे टीव्ही.

कॉम्प्युटरचं दुखणं खरं तर किरकोळ होतं. रंग उडाले होते, चित्र थरथरायचं. चित्राच्या भागाचं सोल्डर ढिलं झालंय, असं सेंगा म्हणाली. तिला नाही तर कुणाला कळणार? कारखान्यात तोच भाग ती बसवायची, मी शेजारी बसून कीबोर्ड.

आमच्याकडे तागाच्या गिरण्यांपासूनची रीत, बायका कामावर आणि नवरे घरी चुलीशी. अशांना लोक तोंडावर 'किटलीवाले' म्हणत. डॉड कधी चिडला नाही. सेंगानं पिशवीतून तुकड्या-तुकड्यानं हा कॉम्प्युटर घरी आणला (सगळ्यांनीच आणले, उगाच साळसूदपणा कशाला?) आणि डॉडनं त्यावर स्वतःच एक खेळ रचला. टिकलीएवढा माणूस कप घेऊन जिने चढतो, मुकादमांना चुकवतो आणि कारखान्याच्या फाटकाशी उभ्या टिकलीएवढ्या बाईला चहा देतो. कप पोचला की सूर वाजतो.

झटक्यानं डॉडची वाचा गेली. 'झालं' हा शब्द आणि एक शिवी तेवढी उरली. खरी किटली त्याला उचलवेना. पण रोज दुपारी पडद्यावर तो बायकोला चहा नेऊन द्यायचा आणि ती शेजारी बसून बघायची. त्यांचं बोलणं म्हणाल तर तेवढंच. म्हणून तर तिचा दुरुस्तीचा आटापिटा.

त्या ठिणगीनंतर पडद्यावर चित्रच येईना. सेंगानं नवी चिप मिळवली, चष्म्यावर चष्मा चढवून लावायला बसली. खालच्या तांब्याच्या पट्ट्याच ठिणगीनं करपलेल्या; सोल्डर धरेना, पट्टी पापुद्र्यासारखी सुटून आली. एके काळी बोलता बोलता शेकडो बोर्ड पुढे सरकवणारे तिचे हात मांडीवर नुसते पडून राहिले. मला ते बघवेना. मग माझा भाचा शेजारच्या पर्थ गावाहून हुबेहूब तसलाच कॉम्प्युटर घेऊन आला. डॉडनं जुन्यावरचा, आपल्या सिगारेटनं वितळलेला कोपरा त्यावर चाचपून शोधला, सापडला नाही, तेव्हा त्यानं हा दुसरा कॉम्प्युटर ढकलून दिला. हट्टी म्हातारा!

मी शेवटी वैतागले. "अगं, सांगून टाक त्याला, प्लग त्यानंच तसाच लावून ठेवला म्हणून. तुझ्या हातून बिघडलं असं त्याला कशाला सांगत बसलीस?"

सेंगा बशा पुसत होती. म्हणाली, "रेना, वर्षभरात मी त्याला एवढं एकच काम सांगितलं होतं गं. ते त्यानं नीट केलं असं त्याला वाटतंय. वाटू दे."

मी दुसरं फडकं घेतलं आणि उरलेल्या बशा पुसायला लागले.

गुरुवारी मी गरम ब्रायडी, म्हणजे मांस भरलेली भाजकी करंजी, घेऊन गेले. पारीपेक्षा मांस जास्त असलेली, डॉडला आवडते तशी. बघते तर डॉडनं आपला जुना कॉम्प्युटर पुन्हा जोडलेला. खेळ भरायची कॅसेट किंचाळून थांबली. पडदा काळाच. सेंगा दाराशीच थबकली.

डॉडनं चांगला हात रबरी बटणांवर ठेवला. आतून टिकटिक ऐकू यायला लागली, एकेक पायरी चढल्याची. मध्येच घरंगळल्याचा आवाज. डॉडनं ती एक शिवी हासडली आणि पुन्हा पहिल्या जिन्यापासून सुरू केलं. मला चित्रातलं काही दिसत नव्हतं, पण मुकादम आल्याचा आवाज झाला की मीच श्वास धरत होते.

वरच्या जिन्याशी आल्यावर तो थांबला. सेंगा लांब उभी आहे हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं आपली खुर्ची जरा बाजूला सरकवली, तिला पडदा नीट दिसावा म्हणून.

सेंगा येऊन त्याच्या शेजारी बसली आणि चष्मा पुसून काळ्या पडद्याकडे बघायला लागली.