न चावणारे बूट

"कुणाला हवेत?" बुटांच्या दुकानदाराने विचारलं.

"दादाला," कंपाउंडरच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"मग त्यांनाच आणा की. डोंगर चढायचे बूट दुसऱ्याच्या पायावर घेत नाहीत."

"त्यांना जमायचं नाही. ते वारले."

दुकानदाराने मापपट्टी खाली ठेवली. मग धंदा तो धंदा म्हणून पुन्हा उचलली. "बरं, नंबर?"

"आठ. आमचा दोघांचा एकच."

कंपाउंडरला जन्मात कधी नवा बूट चावला नव्हता. घरात आलेले बूट आधी दादा वापरायचा. चावून चावून त्यांचे दात पडले की मग धाकट्याला द्यायचा. निवृत्तीनंतर दोघे डोंगररांग ओलांडून समुद्रापर्यंत चालत जाणार होते. दादा निवृत्त झाला आणि त्याच आठवड्यात भलत्याच वाटेला लागला.

"रोज संध्याकाळी घालून चाला," दुकानदार म्हणाला. "चावतील. चावू द्या. बूट मऊ होतो तसा पाय टणक होतो. कच्च्या पायाने गेलात, तर लोक उचलून आणतील."

कंपाउंडरने दवाखान्यातून मलमपट्टी आणून ठेवली. ती तशीच राहिली. बूट रोज त्याने पायात घालायच्या आधीच मऊ झालेले असायचे. अंगठ्यापाशी तर चामड्याला दादाच्या चालीची घडी पडली होती.

"भाऊजी," भाजी निवडता निवडता वहिनी म्हणाली, "तुम्ही दवाखान्यात गेलात की आतल्या खोलीत धपधप चालू होते. पहिल्यांदा घाबरले. मग ओळखलं. खुर्चीला ठेचकाळून खुर्चीलाच शिव्या देणारा माणूस घरात एकच होता."

"मग काय केलंत?"

"काय करणार? ओल्या फरशीवरून चालू नका म्हटलं."

"ऐकलं?"

"जिवंतपणी कधी ऐकलं होतं?"

दोघं हसली. मग कंपाउंडर म्हणाला, "माझा पाय कच्चाच राहतोय, वहिनी. असा निघालो तर पहिल्या डोंगरातच बसेन. आमचं ठरलेलं राहून जाईल."

वहिनीने निवडलेलीच भाजी पुन्हा निवडायला घेतली. त्या धपधपीखेरीज दिवसभर तिला सोबत नव्हती, हे त्याला आत्ता कळलं. सोडून द्या म्हणायला त्याने तोंड उघडलं, तोवर ती आतल्या दारात जाऊन उभी होती.

"अहो, पुरे झालं. मेल्यावर तरी पाय पसरून बसा. भाऊजींचे बूट भाऊजींनाच चावू देत."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बूट पुन्हा नवेकोरे, लाकडासारखे झाले होते. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येईतो टाच सोलून निघाली. कंपाउंडर लंगडत आला, ओट्याशेजारी बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

वहिनीने कोमट पाण्याचं घमेलं आणलं. "फार झोंबतंय का हो?"

त्याने मान हलवली. हो की नाही, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

आतल्या खोलीत काहीच वाजत नव्हतं. वहिनी थोडा वेळ तिकडे कान देऊन उभी राहिली. मग खाली बसत म्हणाली, "दुसराही पाय द्या इकडे."