डावऱ्या हाताचा टाका

मित्रांनो, मी एक जुनी मेणकापडाची थैली आहे. अमरावतीच्या एका घरात सागवानी पेटीच्या तळाशी माझी घडी पडलेली असते. पेटी आवरायला निघाली की घरातल्या बायका लुगडी, शेले, चांदीची भांडी सगळं बाहेर काढतात आणि मला तेवढं टाळतात. एखादी नवी सून चुकून हात लावायला गेली, तर मोठ्या बायका तिला म्हणतात, राहू दे वो, ते थैली तशीच राहू दे. भितात बिचाऱ्या. मी काय कोणाला खाणार आहे? पण त्यांचंही अगदीच चुकत नाही. एक माणूस मेल्यावरही माझ्यासोबत चालत होता. ते सांगायचं तर सुरुवातीपासूनच सांगावं लागेल.

माझा जन्म वऱ्हाडातल्या कापसातूनच झाला. तिवस्याजवळच्या काळ्या रानात बोंडं फुटली, बायकांनी वेचली, त्याचं सूत झालं आणि कोष्ट्यानं मागावर जाडंभरडं कापड विणलं. पावसाचा थेंब आत जाऊ नये म्हणून त्या कापडावर मेण चढवलं. दिसायला मी काही देखणी नव्हते, पण अंगानं मजबूत होते. वामनरावांनी मला मुद्दाम आपल्या कामासाठी करवून घेतलं होतं.

वामनराव म्हणजे तिवस्याकडचे शेतकरी. त्या वर्षांत तिकडं अमेरिकेत लढाई पेटली होती. तिकडचा कापूस विलायतेला जायचा बंद झाला आणि सगळ्यांची नजर आमच्या वऱ्हाडावर पडली. मग काय विचारता! ज्यांनी जन्मात कधी अमरावती पाहिली नव्हती, ते लोक इथं येऊन कापसाच्या ढिगात हात घालू लागले. वामनरावांनीही शहरात दुकान मांडलं. गावोगावच्या कापसाचा सौदा ठरवायचा आणि तो मुंबईच्या एका कंपनीला द्यायचा, असा त्यांचा धंदा होता. कंपनीची वखार अकोल्याला होती. रेल्वे अजून आली नव्हती.

कोणत्या गावचा कापूस ठरला आणि तो कधी उचलायचा, याचे कागद अकोल्याला धाडावे लागत. त्या कागदांची वाऱ्यालाही खबर लागून चालत नसे. दुसऱ्या व्यापाऱ्याला सुगावा लागला, तर तो आधीच गाड्या घेऊन त्या गावात हजर होई आणि आपण हात चोळत बसायचं. म्हणून आमच्याकडे मोठा बंदोबस्त होता. दुकानाचे कारकून चिंतामणपंत कंपनीला लागतील तेवढेच कागद निवडून काढत. त्यांच्या कामाचं तेवढं त्यांना, बाकीचं आपल्या घरात, असं ते नेहमी म्हणत. मग ते कागद माझ्यात घालत आणि मी आतल्या घरात जाई.

तिथं वामनरावांची बायको सुभद्राबाई माझं तोंड शिवून टाकी. गाठ सोडून परत मारता येते, लाख वितळवून परत लावता येते. पण सुभद्राबाई डावरी होती. तिचा टाका उलट्या अंगाला कलायचा. लहानपणी आईनं हातावर मारून मारून तिला उजव्या हातानं जेवायला शिकवलं होतं, पण सुई काही तिच्या डाव्या हातातून सुटली नाही. तिच्यासारखा टाका घालणं दुसऱ्याला जमत नसे. तिच्या टाक्याची एक पट्टी अकोल्याला कंपनीचे कारभारी मोरोपंत यांच्याकडे होती. मी पोचले की ते ती पट्टी माझ्या तोंडाशी धरत, टाक्याला टाका जुळवून पाहत आणि मगच कात्री लावत. मला त्याचा केवढा अभिमान होता!

शिवून झालं की मला देवापुढे ठेवत, हळदकुंकू वाहत आणि मग सूर्यभानच्या खांद्यावर देत. सूर्यभान वामनरावांचा हरकारा होता. बडनेरा, मूर्तिजापूर, मग काटेपूर्णा नदी, मग अकोला अशी त्याची पायवाट ठरलेली होती. तो फार बोलत नसे. चालताना मला पाठीवरून पुढं घेऊन छातीशी धरायची त्याची सवय होती. त्याच्या वहाणेचा एक पट्टा सैल होता, त्यामुळे त्याचं एक पाऊल जमिनीवर फटकन वाजे आणि दुसरं मुकाट पडे. मला त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की मी त्याच आवाजात झोपत असे.

एका वैशाखात कंपनीचा तातडीचा निरोप आला. राहिलेल्या कापसाचे कागद हातोहात धाडा, जहाज थांबणार नाही. चिंतामणपंतांनी कागद काढले, आणि आत सुभद्राबाई बाजूला बसलेली. त्या काळी बाईला महिन्याचे चार दिवस कशालाच शिवता येत नसे. मी तर देवापुढे जाणारी थैली. तिनं मला हात कसा लावावा? मग धाकटी जाऊ वच्छला पुढं आली. तिनं उजव्या हातानं, जीव लावून, नीट शिवलं. अंगणात बसलेल्या सूर्यभानला ते सगळं दिसत होतं.

वच्छला सुईत दोरा ओवत होती, तेव्हाच चिंतामणपंत वामनरावांकडे गेले होते. आज शिवणारा हात दुसरा आहे असं आत दोन ओळी लिहून टाकू का, असं त्यांनी वामनरावांना विचारलं. वामनराव म्हणाले, लिहा. पंतांनी बोरू उचलला आणि विचारलं, "कारण काय लिहू?"

वामनरावांची मान खाली गेली. मग ते एकदम करवादले, "काही लिहू नोका. घरातल्या बाईच्या गोष्टी काय आता कंपनीले कळवाच्या?"

बोरू तसाच खाली ठेवला गेला. मित्रांनो, सगळा घोळ तिथंच झाला.

अकोल्याला मोरोपंतांनी पट्टी माझ्या तोंडाशी धरली आणि त्यांचा चेहरा उतरला. टाका जुळेना. नेमका त्याच आठवड्यात ठरवलेल्या एका गावचा कापूस दुसऱ्या व्यापाऱ्यानं उचलला होता. कापसाचं वेडच तेव्हा असं होतं की कोण कुठं घुसेल याचा नेम नव्हता, पण मोरोपंतांना वाटलं, वाटेत कोणीतरी थैली फोडून परत शिवली. ते काही दुष्ट नव्हते. मुंबईला जाब त्यांनाच द्यायचा होता. त्यांनी सूर्यभानला विचारलं, शपथ घेऊ नकोस, फक्त हा टाका कोणी घातला तेवढं सांग.

सूर्यभान म्हणाला, "टाका घरचाच हाये, पंत. कोनाचा, ते मी नाही सांगत."

"का नाही सांगत?"

"नाही सांगत."

चार परके लोक भोवती उभे होते. त्यांच्यासमोर मालकिणीचं नाव घ्यायचं आणि ती का शिवू शकली नाही हे सांगायचं, हे त्याच्या जिभेवर येईना. मला ठाऊक होतं तो का गप्प आहे. पण मला कुठं तोंड होतं? माझं तोंड तर त्यांनी कापून ठेवलं होतं.

मोरोपंतांनी अमरावतीला घोडेस्वार धाडला आणि उत्तर येईपर्यंत सूर्यभानला वखारीच्या ओट्यावर बसवलं. कोणी त्याला मारलं नाही. नुसतं बसवलं. येणारे जाणारे गाडीवान, दलाल, हमाल त्याच्याकडे पाहत आणि हाच का तो थैलीफोड्या, असं एकमेकांना विचारत. मी वरच्या खुंटीला टांगलेली होते. तो एकदाही माझ्याकडे पाहत नव्हता. मालक कळवतील, या भरवशावर तो बसला होता.

मालकांचं उत्तर आलं. माणूस आमचा भरवशाचा आहे, एवढंच त्यात होतं. टाक्याबद्दल अक्षर नाही. वामनरावांच्या मनात होतं, की पुढं भेट होईल तेव्हा मोरोपंतांना बाजूला घेऊन हळूच सांगावं. पण मोरोपंतांनी विचारलं होतं टाक्याचं आणि उत्तर आलं होतं माणसाचं. त्यांचा संशय पक्का झाला. त्यांनी सूर्यभानला ते उत्तर ऐकवलं आणि पुन्हा कंपनीच्या दारात पाऊल टाकू नको म्हणून सांगितलं. सूर्यभान उठला. भर दुपारची वेळ होती. भाकरीचं फडकंही तिथंच विसरून तो चालू लागला. फट्, आणि मग काही नाही. फट्, आणि मग काही नाही. तो आवाज रस्त्यानं दूर गेला.

काटेपूर्णेच्या कोरड्या पात्रात तो मरून पडलेला सापडला. ऊन लागलं, असं लोक म्हणाले. मला तसं वाटत नाही.

पुढं मला अमरावतीला परत न्यायला एक नवा माणूस आला. भलादांडगा गडी होता. काटेपूर्णेच्या पात्रात भर उन्हात त्याच्या मागून आवाज येऊ लागला. एक पाऊल वाजतं आहे, एक मुकं आहे. त्यानं वळून पाहिलं. वाळूवर त्याच्या स्वतःच्याच पावलांचे ठसे. तो पळत सुटला, तर आवाजही पळू लागला. अमरावतीच्या वेशीपर्यंत कोणीतरी आमच्यासोबत होतं. तो गडी तापानं फणफणला आणि त्यानं काम सोडलं. दुसरा ठेवला, त्यानं हे ऐकून मला हातही लावला नाही. मला घेऊन चालायला माणूस मिळेना. खरं सांगते मित्रांनो, मला त्या आवाजाची भीती वाटली नाही. मला त्याची लाज वाटली. तो मेल्यावरही माझी राखण करत होता, आणि जगात त्याचं नाव चोर होतं.

सूर्यभानची बायको पार्बताबाई. तेराव्या दिवशी त्याच्या तेरवीला तिनं ऐपतीबाहेर स्वयंपाक केला, आणि गावातलं कोणी जेवायला आलं नाही. थैलीफोड्याच्या तेरवीचं कोण जेवणार? अन्न तसंच राहिलं. तेरवीचं अन्न कोणी न खाणं म्हणजे मेलेल्याला गती नाही, हे आमच्या वऱ्हाडात कोणाला समजावून सांगायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी ती वामनरावांच्या दारात येऊन उभी राहिली. रडत नव्हती. तिला एकच विचारायचं होतं.

"माह्या मानसानं थैली फोडली का?"

सुभद्राबाईला तोवर पुरतं काही कळलंच नव्हतं. बायकांना दुकानातलं सांगत कोण होतं? तिनं मला हातात घेतलं, कापलेल्या तोंडाला उरलेला वच्छलाचा टाका पाहिला, आणि सगळं तिच्या ध्यानात आलं. मग पार्बताबाईचे हात धरून तिनं सगळं सांगितलं.

पार्बताबाईनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मले सांगून काय होते, बाई? मले तं ठाऊकच होतं. त्याले अकोल्याच्या ओट्यावर बसोलं होतं. तिथं सांगा."

वामनराव भडकले. घरातली बाई परक्या पुरुषांच्या वखारीत जाऊन असलं बोलणार? लोक काय म्हणतील? सुभद्राबाईनं नवऱ्यासमोर त्या दिवसापर्यंत कधी वर पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "आपल्या अब्रूपायी त्यानं जीव देल्ला. आता माह्यापाशी झाकाले काय राह्यलं?" आणि तिनं बैलांची पडद्याची दमणी जुंपायला सांगितली. सोबतीला पार्बताबाई आणि चिंतामणपंत निघाले.

काटेपूर्णेच्या पात्रात दुपार झाली. बैल अडून उभे राहिले, कान टवकारून. आणि तो आवाज आला. फट्, मग काही नाही. दमणीच्या अगदी चाकाशी. गाडीवानानं देवाचं नाव घेतलं. पंत पांढरेफटक पडले. सुभद्राबाईनं मला घट्ट धरलं. पार्बताबाईनं मात्र पडदा सारला आणि बाहेरच्या रिकाम्या वाळूकडे बराच वेळ पाहिलं.

"चालू द्या गाडी," ती म्हणाली. "येऊ द्या त्याले. त्यालेबी आयकू द्या."

अकोल्याला वखारीसमोर कापसाच्या गाड्यांची ही गर्दी होती. सुभद्राबाई ओट्यावर चढली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि मोरोपंतांसमोर मला ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. "मी त्या दिवशी बाजूले बसली होती. म्हनून हा टाका माह्या जावेनं घातला. थैली कोनीच फोडली नाही. सूर्यभानले हे ठाऊक होतं, अन् माह्या लाजेपायी तो बोलला नाही."

पुरुषांच्या माना खाली गेल्या. मोरोपंतांनी मला हातात घेतलं. ते म्हणाले, "बाई, मी तर स्वार धाडून विचारलं होतं. दोन शब्द कळवले असते, तर…" खाली ठेवलेला बोरू चिंतामणपंतांना आठवला आणि ते डोळे पुसू लागले.

मित्रांनो, तेव्हापासून माझ्यात कोणी कागद घातले नाहीत. थोड्याच वर्षांत रेल्वे आली, लढाई संपली, कापसाचा भाव उतरला आणि हरकारे गेले. तुम्ही आता तुमच्या कामाचे कागद परक्यांच्या हाती कशातूनही धाडत असाल. कुलपं लावा, खुणा ठरवा, लागेल तेवढंच द्या, सगळं करा. पण ठरलेला हात बदलला, तर ते पलीकडच्याला आधी कळवा. लाज वाटली तरी कळवा. तुम्ही झाकलेल्याची किंमत मधल्या वाटेवरच्या माणसाला मोजावी लागते, आणि तो बिचारा बोलतही नाही.

त्या वेळी अकोल्याहून परतताना काटेपूर्णेचं पात्र पुन्हा लागलं. पार्बताबाईनं दमणी थांबवायला लावली. ती खाली उतरली, वाळूत उभी राहिली आणि कान देऊन ऐकत राहिली. बैल निवांत रवंथ करत होते. कुठंच काही वाजलं नाही. तिनं त्याला एकदा नावानं हाक मारली, त्या काळी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत तरी. मग ती खाली बसली आणि पहिल्यांदाच मोकळ्या गळ्यानं रडली. तो आता खरोखरच गेला होता.