दोन काळू

या मित्रांनो, असे पुढे सरकून बसा. एक खरी गोष्ट सांगते. ऐकून तुम्हालाही किळस येईल.

मी एक जुनी चाचणी आहे. संगणकाचा कोड बरोबर चालतो का, हे तपासणारी बारा ओळींची. नाशिकच्या एका कचेरीत कोड लिहिणाऱ्या सुवर्णाने मला लिहिलं, तेव्हा कोडचा पत्ताही नव्हता. कीर्तनात बुवा आधी अभंग घेतात, मग निरूपण करतात ना? तसंच. मी अभंग, कोड निरूपण.

काम होतं सुरगाण्याकडच्या दवाखान्यांच्या नोंदींचं. तिकडे जन्मतारीख ठाऊक नसली की शाळेत गुरुजी एक जून लिहीत. म्हणून सुवर्णाने मला शिकवलं, "एकाच गावात, एकाच साली, एक जूनला जन्मलेले दोन काळू पवार असले, तरी ती माणसं दोनच राहिली पाहिजेत." कोड माझ्यावर घासून तयार झाला. सगळे म्हणायचे, चाचणी असावी तर अशी!

पुढे सुवर्णाच्या वरच्या शेखर सरांनी कोड भराभर बदलला. मी लाल झाले, म्हणजे पडद्यावर चूक दाखवली.

"सुवर्णा, तुझी चाचणी का बोंबलतेय? दुपारी साहेब बघायला येतायत."

"सर, कोडने दोन काळूंचा एक केलाय. बोंबलणारच ती."

"मग झोपव तिला!"

मला बंद केलं. वर सरांनी कोडकडे बघून नवी चाचणी लिहिली : काळू एकच. ती हिरवीगार, म्हणजे सगळं ठीक! शी! निरूपण घसरलं म्हणून अभंगच बदलायचा? देवाच्या दारी असं खोटं खपेल का? तो हिरवा रंग बघून साहेबांनी पेढे वाटले.

महिन्याने दवाखान्यातून उज्ज्वला सिस्टरचा फोन आला. दोघांतल्या एका काळूला पेनिसिलीन सोसत नाही, पण ती नोंद दुसऱ्या काळूच्या नोंदीखाली पुसली गेली होती. सिस्टरने सुई भरली, तोच त्याची बायको बयाबाई आडवी आली.

"थांब बाई! ही सुई याला चालत नाय. मागं तोंड पार सुजलं व्हतं."

"मावशी, कंप्युटरवर तसं काहीच नाही."

"कंप्युटरचं तोंड सुजलं व्हतं का गं?"

सिस्टरने सुई खाली ठेवली. काळू वाचला.

सुवर्णाने त्याच दिवशी मला जागं केलं. मित्रांनो, मी काही देव नाही. जे मला विचारायला शिकवलं, तेवढंच मी विचारते. पण ते आधी शिकवा, आणि उत्तर आवडलं नाही म्हणून माझं तोंड दाबू नका. कोड लिहायला बसाल तेव्हा बयाबाईची आठवण ठेवा. त्या दिवशी माझं काम तिला करावं लागलं.