पोंग्यात ओतलेली घाई

मित्रांनो, भिंतीवरच्या खिळ्याला लटकलेला तो निळा पंप दिसतोय ना? पट्टा तुटलेला, पोटावर कोळ्याचं जाळं? तो मी. पाठीवर घेऊन औषध मारायचा पंप. आता मला कोणी हात लावत नाही. का, ते सांगतो.

कारखान्यात गरम प्लास्टिक साच्यात ओतलं आणि मी झालो. न्सावाम गावच्या बाजारातून मला ओपारे नावाच्या शेतकऱ्याने आणलं. त्याचे अननस टेकडीच्या उतारावर.

तुम्हाला वाटेल पंप म्हणजे किडे मारायला. नाही. माझ्या पोटात फुलाचं औषध असायचं. अननसाचं झाड लहरी. एक आज फुलेल, शेजारचं चार महिन्यांनी. मग तोडणीला ट्रक बोलवायचा कधी? म्हणून झाडं पुरती वाढून भरली की ऊन चढायच्या आत एकेकाच्या पोंग्यात, म्हणजे पानांच्या मधल्या खळग्यात, माझ्यातलं घोटभर पाणी सोडायचं. काही आठवड्यांनी सगळा उतार एकदम फुलून लाल! लोक म्हणायचे, "ओपारेचा पंप सांगतो आणि अननस ऐकतात." मी फुशारून जायचो.

असाबेया त्याची बायको. रस्त्याच्या कडेला अननस विकायची. फळाला टिचकी मारायची, कान लावायची, आणि गोड की आंबट ते सांगायची. कधी चुकली नाही. गिऱ्हाईक पिवळंधमक फळ मागायला लागलं की म्हणायची, "रंग खाणार आहेस का, भाऊ?"

त्यांच्यात जमीन आईच्या घराकडून येते. नवऱ्याचं शेत ते नवऱ्याचं. असाबेयाला तिच्या माहेरचा तुकडा मिळाला तेव्हा केस पिकले होते. तिने स्वतः वाकून फुटवे लावले. आणि मग पोटात दुखायला लागलं. दवाखान्यातून तिला घरी पाठवलं. आता काही करण्यासारखं नाही म्हणाले.

"ओपारे, माझ्या तुकड्यातला एक तरी खाऊन जाईन का रे?"

"एक कशाला, टोपलं भरून खाशील."

झाडं तर अजून गुडघ्याएवढीही नव्हती. तरी ओपारेने मला भरलं. शेजारचा लार्बी बांधावरून ओरडला, "अरे, दुधाचे दात आहेत त्यांना! आणि तू मिशा उगवायला सांगतोस?"

"तिला वेळ नाही रे," ओपारे म्हणाला. आणि पुढच्या पोंग्यावर वाकला.

अननसांनी ऐकलं. नेहमी ऐकतात. फुलं आली, फळं धरली. मुठीएवढी. ओपारे दिवसभर तिथेच. पाणी घाल, गवत काढ, फळं चाचप. ती घरी अंथरुणावर, एकटी. हाक मारायची, ती शेतापर्यंत पोचायची नाही.

मग तिचं खाणं सुटलं. फळं हिरवीच होती. ओपारेने दुसरं औषध आणलं, रंगाचं. ते मारलं की साल चार दिवसांत पिवळी होते. सालच फक्त. गोडी आणणारं औषध कुठल्याच दुकानात मिळत नाही, हे त्यालाही माहीत होतं. तरी त्याने माझा दांडा हलवला. एका ओळीवर बारीक फवारा बसला.

पिवळं झाल्यावर त्याने एक फळ तोडलं आणि तसाच मला पाठीवर घेऊन धावत घरी आला.

असाबेयाने फळ हातात घेतलं. "केवढंसं रे हे. पिल्लू आहे." मग बोट वर केलं. टिचकी मारली. कान लावला.

ओपारे जमिनीकडे बघत होता.

"म्हाताऱ्या," ती म्हणाली, "माझ्याशीच?"

तो रडायलाच लागला. "दे इकडे. फेकून देतो."

"फेकतोस कसा? माझं आहे ते. काप."

त्याने कापलं. आत पांढरट. तिने फोड तोंडात घातली, डोळे गच्च मिटले, चेहरा वाकडा झाला.

"आंबट आहे." सावकाश चावत राहिली. "अजून एक दे."

मग म्हणाली, "बाकीच्यांना रंग मारू नकोस. पिकू दे. आणि हा फळावरचा पानांचा तुरा टाकू नकोस, दारात लाव. त्याला काही पाजायचं नाही, हं. त्याला वाटेल तेव्हा फुलेल."

ती गेली. त्यांच्यात गेलेल्या माणसाचा मोठा दिवस काही महिन्यांनी करतात, सगळं गाव दुखवट्याच्या काळ्या-लाल कपड्यांत येतं. तोवर उरलेली फळं आपली आपण पिकली होती. लोकांना कापून वाटली. "एवढुशी, पण काय गोड!" जो तो म्हणत होता. ओपारेने एकही फोड तोंडात घातली नाही.

त्या दिवशी त्याने मला धुतलं आणि इथे टांगलं.

तुरा माझ्यासमोरच लावलाय. लार्बी येता-जाता टोमणा मारतो, "पाज की थोडं! वाट बघून म्हातारा होशील."

"झालोय," ओपारे म्हणतो.

आज सकाळी त्या पोंग्यात लाल दिसलं. कोणी न सांगता आलेलं. ओपारेने स्टूल आणलं आणि शेजारी बसला. अजून बसलाय.

मित्रांनो, औषध वाईट नसतं. पण झाड भरलंय का, ते आधी बघा. आणि ज्याच्यासाठी एवढी धावपळ करताय, त्याच्याजवळ जरा बसा. फूल लवकर आणता येतं. माणूस थांबवून ठेवायचं औषध माझ्या पोटात कधीच नव्हतं.

हे फळ पिकेल. ओपारे टिचकी मारेल, कान लावेल. त्याला काही कळणार नाही. ते तिलाच कळायचं.