हिरडीतला पहारेकरी

मित्रांनो, मी एक म्हातारा पहारेकरी आहे. तुम्ही मला कधी पाहिलेले नाही आणि पाहणारही नाही, कारण मी एक पेशी आहे. दूरदेशी, ओरुरो नावाच्या खाणींच्या गावात सेवेरो कोल्के नावाचा ट्रम्पेटवाला राहतो. त्याच्या खालच्या पुढच्या दाताच्या हिरडीत माझे घर आहे. येथे येण्याचा रस्ता होता. जाण्याचा नाही.

माझा जन्म सेवेरोच्या कमरेच्या हाडातल्या मज्जेत झाला. आम्ही पुष्कळ भावंडे होतो. रक्ताबरोबर फिरत मी हिरडीपाशी आलो, एका बारीक रक्तवाहिनीच्या भिंतीतून अंग चोरून बाहेर पडलो आणि तेथेच राहिलो. माझे काही भाऊ त्याच दाताखालच्या हाडात गेले. जुने हाड कुरतडायचे, म्हणजे दुसऱ्यांना तेथे नवे बांधता येते, असे त्यांचे काम. त्यांच्याविषयी पुढे सांगतो.

माझे काम सोपे होते. दात आणि हिरडी यांच्या फटीतून जंतू आत आला तर त्याला गिळायचे. जास्त आले तर हाक मारायची. आमच्या हाकेला आवाज नसतो. आम्ही अंगातून एक रस सोडतो, आणि तो ज्याच्यापर्यंत पोचतो त्याला कळते की बोलावणे आले. मग रक्तातून तरुण शिपाई धावत येतात, लढतात आणि दिवस-दोन दिवसांत मरतात. त्यांच्यातला एकही परत गेलेला मी पाहिला नाही.

पहिली वर्षे चांगली गेली. येथे अंधार असला तरी माणसांचे बोलणे हाडातून आमच्यापर्यंत येते. सर्वांत जास्त आवाज येई तो बासिलियाचा. ती सेवेरोची बायको.

“दात घासलेस का, म्हाताऱ्या?” ती रोज सकाळी विचारी.

“घासले की.”

“कोणाचे? शेजाऱ्याचे?”

मग ब्रश येई. दातावर बसलेला चिकट थर निघून जाई आणि मला हाक मारावी लागत नसे. पहारेकऱ्याला कोणी शाबासकी देत नाही. पण सेवेरोच्या ट्रम्पेटला लोक वाहवा देत, तेव्हा मला वाटे की यात माझ्या गप्प बसण्याचाही थोडा वाटा आहे.

एका पावसाळ्यात बासिलिया आजारी पडली. सेवेरोने खाणीतल्या मरियामातेला नवस केला की तीन वर्षे कार्निव्हलच्या मिरवणुकीत तुझ्यासाठी वाजवीन. पहिल्या वर्षी बासिलिया रस्त्याच्या कडेला खुर्चीवर बसून ऐकत होती. दुसऱ्या वर्षी ती नव्हती. सेवेरोने तरीही वाजवले. कोणी विचारले तर तो म्हणे, “शब्द तिच्यासाठी दिला होता. ती गेली म्हणून तो माघारी घेता येत नाही.”

शब्द राहिला, पण सकाळचा प्रश्न राहिला नाही. आवाज नाही, ब्रश नाही. सेवेरो उठून आपी पिई. जांभळ्या मक्याची ती गरम, गोड पेज दातांच्या फटीत बसून राही. थर साचला. पुढे तो दगडासारखा घट्ट झाला. त्याला माणसे कीटण म्हणतात. मी हाका मारू लागलो. शिपाई येत गेले आणि हिरडी सुजली.

एके दिवशी बऱ्याच दिवसांनी ब्रश आला आणि रक्त आले.

“हिरडीला दुखवायला नको,” सेवेरो स्वतःशीच म्हणाला, आणि त्या जागी त्याने ब्रश लावणे सोडून दिले. मित्रांनो, माझ्या हाकांमुळे रक्तवाहिन्या फुगल्या होत्या, म्हणून ते रक्त आले होते. त्याला वाटले, ब्रशने जखम झाली.

त्याच्या बँडमध्ये लिबोरिओ नावाचा ढोलवाला आहे. तो म्हणाला, “कोकाची पानं दाबून ठेव. माझ्या आजीनं जन्मभर तेच केलं. शेवटपर्यंत सगळे दात.”

“तुझी आजी पन्नाशीतच गेली, लिबोरिओ.”

“तेच म्हणतोय. ती गेली, दात राहिले.”

सेवेरोने पानांची गोळी खालच्या ओठाआड दाबली. हिरडी बधिर झाली आणि दुखणे कळेनासे झाले. मी मात्र बधिर झालो नाही.

आता जे सांगतो ते सांगताना मला लाज वाटते. कीटणाच्या आड बसलेल्या जंतूंपर्यंत माझे हात पोचेनात. म्हणून मी आणखी हाका मारल्या. शिपायांची गर्दी झाली. त्यांनी जंतूंवर सोडलेली विषे दाताला धरून ठेवणाऱ्या धाग्यांवरच पडली आणि धागे विरघळू लागले. तिकडे माझी हाक खाली हाडापर्यंत गेली. मी म्हणत होतो, धावा. हाडातल्या माझ्या भावांना ऐकू आले, कुरतडा. त्यांनी कुरतडायला सुरुवात केली, आणि नवे बांधणारे मागे पडले. माझ्या हाकेने शिपाई हाका मारत, त्यांच्या हाका ऐकून मी आणखी मोठ्याने हाक मारी.

मला थांबायचे होते. पण तो थर समोर असेपर्यंत माझे तोंड मिटत नाही. पळून जावे तर रस्ता नाही. जे घर राखायला मला बसवले होते तेच पडत होते, आणि पाडणाऱ्यांना बोलावणारा मीच होतो.

तिसऱ्या कार्निव्हलला दोन महिने होते. रस्त्यावर बँडची तालीम चालली होती. सेवेरोने ट्रम्पेट ओठांवर दाबले आणि आमचा दात मागे सरकला. सूर घसरला.

“कुठे गाढव मेलं का रे?” लिबोरिओ ओरडला.

सेवेरो हसला नाही. त्याने जिभेने दात ढकलून पाहिला. “हलतोय,” तो म्हणाला. “हा पडला तर माझा नवस अर्धवट राहिला.”

लिबोरिओने ढोल खाली ठेवला. “चल दवाखान्यात. मला वाजवायला दात लागत नाहीत. तुला लागतात.”

दातांची डॉक्टर तरुण होती. तिने तोंडात पाहिले आणि विचारले, “सेवेरोकाका, इथे घासणं कधीपासून सोडलंत?”

“रक्त यायला लागल्यापासून. दुखवायला नको म्हणून.”

“ते रक्त न घासल्यामुळे येत होतं.”

सेवेरोने बोटाने हिरडी चाचपली. मग म्हणाला, “दात राहील का?”

“निम्मं हाड गेलंय. गेलेलं परत येईल असं मी सांगणार नाही. उरलेलं राखता येईल. आज मी साफ करते. उद्यापासून तुमचं काम.”

तिने दोन-तीन खेपांत सगळे कीटण खरवडून काढले आणि हलणारा दात बारीक तारेने शेजारच्या दातांना बांधला. सेवेरो रोज ब्रश फिरवू लागला. पहिले काही दिवस रक्त आले, तरी त्याने हात थांबवला नाही. हळूहळू शिपाई कमी झाले. खाली भावांनी कुरतडणे थांबवले. किती दिवसांनी मी गप्प बसलो होतो.

कार्निव्हलला दातावर जोर नको म्हणून सेवेरोने उंच सूर दुसऱ्याला दिले आणि खालचे स्वतः घेतले. चर्चच्या दारापर्यंत तो वाजवत गेला. दात टिकला. नवस पुरा झाला.

मित्रांनो, हिरडीतून रक्त आले तर तिला एकटी सोडू नका. तेथे कोणीतरी हाक मारत असतो. ब्रश हळू फिरवा, पण फिरवा, आणि डॉक्टरला दाखवा. मला शाबासकी नको. मला हाक मारावी लागू नये, एवढेच करा. कारण थर रोज नव्याने बसतो, मी येथून हलू शकत नाही, आणि हाक मारण्यावाचून मला दुसरे काही येत नाही.

आज सकाळी उशीर झाला. थर दाटत होता आणि माझे तोंड उघडायच्या बेतात होते. तेवढ्यात नळाचा आवाज आला. ब्रश आला आणि खालच्या दातांवरून सावकाश फिरला. घरात विचारणारे कोणी नव्हते. तरी तोंडातल्या फेसातून सेवेरो म्हणाला,

“घासले गं. माझेच घासले.”