थांबणाऱ्या गटाचा मान

समुपदेशनाच्या एम.ए.चा प्रबंध करायला शिवानीने कल्याणजवळचं गाव धरलं. ठाण्यात खोपटला तिच्या शेजाऱ्यांकडे काळज्या भरपूर, पण वेळ नाही. जमिनी विकून बसलेल्या गावकऱ्यांकडे दोन्ही. चिठ्ठ्या टाकून तिने दोन गट पाडले. एकाला दर शनिवारी समुपदेशन, दुसऱ्याने नुसतं थांबायचं. शेवटी प्रश्नावली भरून घेऊन दोन्ही गटांची काळजी मोजायची आणि फरक दाखवायचा.

पुस्तकात हे ठीक होतं. गावात भावजयीला बोलावणं आणि थोरल्या दिराला नाही, याला प्रयोग म्हणत नाहीत.

पुढच्याच शनिवारी ते थोरले दीर, काळुरामशेठ, समाजमंदिराच्या दारात खुर्ची आडवी टाकून बसले. मागे अख्खा थांबणारा गट.

"आमचा काय चुकला ता सांग."

"काका, तुम्हाला काहीच करायचं नाहीये."

"काहीच न करायला आमी मेलोय काय?"

आतून त्यांची भावजय आवडाबाई म्हणाली, "भावजी, मी तर मनसोक्त रडले. लय बरा वाटला." ही माहिती त्या वेळी कुणी मागितली नव्हती.

गट रुसला, म्हणजे शेवटची प्रश्नावली कोण भरणार? शिवानीचं वर्ष बुडालं असतं. समुपदेशन द्यायचं नाही एवढंच ठरलं होतं. मान द्यायचा नाही असं कुठे ठरलं होतं? तिने थांबणाऱ्यांचा टॉवेल-टोपी-नारळ देऊन सत्कार केला. काळुरामशेठनी थांबण्यावर भाषण ठोकलं आणि नाक्यावर सगळ्यांच्या फोटोंचा फ्लेक्स लागला. आवडाबाईचा गट फणफणला. "आमी रडायचा, आन् नारळ यांना?"

निकाल आला. थांबणाऱ्यांची काळजी झरझर उतरलेली, समुपदेशनवाल्यांची चढलेली.

गाईड मॅडम म्हणाल्या, "रकाने उलटे भरले गेले असतील बघ." असं म्हणून त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. रकाने बदलले की पास, हे शिवानीला कळत होतं. पण फ्लेक्स अजून नाक्यावर होता, आणि त्यावर तिचाही फोटो होता. तिने सगळं जसंच्या तसं लिहिलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी ते दोनदा वाचलं. "पास करतो, पण एका अटीवर. तिसरा गट हवा. समुपदेशन नाही, नारळही नाही."

शिवानी पडेल चेहऱ्याने गावात आली. असा गट कुठून आणायचा?

काळुरामशेठनी ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच तिच्यासाठी स्वतः चहा सांगितला.

"त्याची काळजी तू नको करू," ते म्हणाले. "आमचे चुलतभाव हाईत ना."